मंडई, नाटक आणि पट: झाडीपट्टीची करमणूक पैशाने बिघडवली का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

बांधीवरून

भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. हलके धान घरात आलेले असते, हातात थोडा पैसा खुळखुळत असतो, लेकी-जावई आणि सोयरेधायरे मुक्कामी येतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि रात्री नाटक, हा क्रम आमच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आला आहे. अलीकडे या सगळ्याचे जे रूप दिसते ते पाहता धंद्याने त्याची वाट लावली असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि ज्यांना ते पटत नसेल त्यांनी खुशाल खोडून काढावे.

दंडार, म्हणजे चौकातले लोकनाट्य, गावचीच मंडळी करीत. रात्रीची जेवणे आटोपली की चौकात तालीम बसे, दिवसभर नांगर धरणारा गडी रात्री लुगडे नेसून राणी होई, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना त्याचे संवाद पाठ असल्यामुळे तो अडखळला तरी खेळ अडत नसे. आता तेच गाव नाटक कंपन्यांच्या वडशाला (गडचिरोली जिल्हा) जाते, कंपनी ठरवते, इसार देते आणि तिकिटे छापते. करणारे गाव पाहणारे झाले. पैसे मोजून पाहणारा मग फर्माईश करू लागतो; त्या फर्माइशीपायी दोन प्रवेशांच्या मध्ये नाच घुसला, आणि काही गावांनी तर नाटकाला रजा देऊन नुसता ‘डान्स हंगामा’ आणायला सुरुवात केली आहे.

पटाचीही तीच गत. ज्या जोडीने पावसाळ्यात बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, चिखल तुडवला तीच जोडी हिवाळ्यात पटावर उतरत असे, आणि शेजाऱ्याच्या जोडीला मागे टाकले यातच सगळे भूषण होते. आज पटाची जोडी वेगळी आणि शेताची वेगळी. पटाच्या जोडीला जू ठाऊक आहे ते फक्त धावण्यापुरते. बक्षिसात मोटारसायकल असते आणि मैदानाभोवती प्लॉट विकणाऱ्यांचे आणि पुढाऱ्यांचे फलक असे लागतात की बैल शोधावे लागतात.

पडद्यामागे

मी वडशाच्या एका कंपनीत प्रकाशयोजनेचे काम पाहतो, म्हणजे आपण ज्याला धंदा म्हणता त्यावरच माझी चूल पेटते, हे आधीच सांगून टाकतो.

दंडार बिनपैशाची होती हे खरे. पण झाडीपट्टीचे नाटक तिकिटावरच वाढले आहे. नेपथ्य, पडदे, दिवे, ध्वनी आणि कलावंत एवढा सारा लवाजमा कंपनीने गाडीत भरून न्यायचा, गावच्या मंडळाने मंडप घालून तिकिटे विकायची, आणि उरलेल्या पैशातून देवळाचे छत किंवा शाळेची खोली उभी करायची, अशी ही रीत आहे. तोटा आला तर तोही मंडळाच्याच अंगावर येतो. धानाच्या खेड्यांत, जिथे पक्के नाट्यगृह कोणी बांधून दिलेले नाही, तिथे माणसे थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर नाटक पाहतात, आणि तीही पदरचे पैसे मोजून, ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या रंगभूमीनेही हेवा करावा अशी आहे. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिकीट नसते तर ही रंगभूमी केव्हाच इतिहासजमा झाली असती.

नाचाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरून तो नुसता चावटपणा वाटतो. पडदा रात्री दहाच्या पुढे उघडतो आणि उजाडायच्या सुमारास पडतो. प्रेक्षक दिवसभर पटाच्या मैदानावर उभा राहून आलेला असतो. दोन-अडीच वाजले की मागच्या रांगांत माना पडू लागतात, दव पडून पुढचा पडदा जड होतो, आणि मंडळाचा एखादा कार्यकर्ता विंगेत येऊन ‘भाऊ, लोक उठून राहिले’ असे कानाशी सांगतो. त्या घटकेला एक गाणे टाकले की मंडप पुन्हा जागा होतो आणि पुढचा करुण प्रवेश लोक डोळे पुसत पाहतात. त्या गाण्याने नाटक बुडाले असे मला वाटत नाही. नाटक काढून नुसता हंगामा आणणे ही मात्र निराळी गोष्ट आहे; त्याचे समर्थन मी करणार नाही.

मामा तलाव

‘पडद्यामागे’ यांनी तोटा मंडळाच्या अंगावर येतो हे एका वाक्यात उरकले, पण दुखणे नेमके तिथेच आहे. एकाच रात्री जवळजवळच्या तीन गावांत तीन मंडप पडतात. पाहुणे आणि त्यांचे खिसे तेवढेच असतात. मग भोंगा लावलेली गाडी फिरवून कोणाच्या नाटकात कोणती नायिका आहे आणि किती नाच आहेत हे ओरडून सांगण्याची चढाओढ लागते. वडशाला कंपनी ठरवायला गेलेली मंडळी नाटकाचे कथानक विचारत नाहीत, नाच किती हे विचारतात. मी अशा मंडळींबरोबर गेलेलो आहे. तिकिटे खपली नाहीत तर कंपनीचे उरलेले पैसे भागवण्यासाठी पोरे उसनवारी करतात, आणि ती फेडताना उन्हाळा निघून जातो.

मला तिकिटाचे वावडे नाही. पण पूर्वी मंडईच्या तारखा आसपासच्या गावांनी एकमेकांना विचारून, पाळीपाळीने धरल्या जात, कारण सोयऱ्यांना सगळीकडे जाता यावे आणि चार ठिकाणी सोयरिकीचे बोलणे काढता यावे असा त्यामागे हिशेब होता. तो विचार मागे पडला आणि प्रत्येक गाव स्वतःपुरते दुकान मांडून बसले.

धुरकरी

पटाबद्दल ‘बांधीवरून’ भाऊंनी जे लिहिले ते अर्धेच आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. मधल्या वर्षांत आमच्याकडच्या चांगल्या चांगल्या जोड्या बाजारात मिळेल त्या भावाने गेल्या. ट्रॅक्टरने नांगर नेला, हार्वेस्टरने कापणी आणि चुरणे (मळणी) नेले. मग आता बैल कशासाठी ठेवायचा, याला पटाखेरीज दुसरे उत्तर कोणाजवळ आहे? पटाच्या बैलाला ढेप आणि चुणी वेळच्या वेळी लागते, रोज मालिश लागते, दिवसभर त्याच्यापाशी एक माणूस लागतो. तो खर्च बक्षिसाच्या आशेवरच निघतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटात सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. तिथे चिखल तुडवून आलेली जोडी उतरवून आपण काय साधणार?

आणि फलकांचे म्हणाल तर कायद्यानेच ती वेळ आणली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, चित्रीकरण आणि ५०,००० रुपयांची अनामत, एवढे सगळे शंभर उंबऱ्यांच्या गावाने कुठून आणावे? बैलाच्या जिवासाठी या अटी हव्यातच. चाबूक आणि तुतारी (बैलाला टोचायची काठी) बंद झाली हे मी स्वतः जोडी हाकणारा असूनही चांगलेच मानतो. पण अनामत भरायला जो पुढे येतो तो आपला फलक लावणारच. वर्गणीचा पट आता कागदावरच अशक्य झाला आहे, त्याचा दोष बाजाराला एकट्याला देऊ नये.

आखाडा

कबड्डीचे उदाहरण द्यावेसे वाटते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी हा खेळ जगासमोर करून दाखवला, तेव्हा त्यामागे कोणती लीग नव्हती. २०१४ साली प्रो कबड्डी लीग आली आणि खेड्यातली पोरे पुन्हा मैदानावर दिसू लागली, हे मान्य करावेच लागेल. पण त्यासोबत रोख बक्षिसांच्या रात्रीच्या स्पर्धा आल्या, प्रवेश शुल्क आले, आणि गावाच्या नावाने उतरणाऱ्या संघात बाहेरून आणलेले खेळाडू आले. गावची पोरे काठावर बसून आपल्याच गावाच्या नावाने शिट्ट्या वाजवतात. यात नेमके जिंकले कोण, हे मला अजून उमगलेले नाही.

रोवणीवाली

दंडारीची आठवण काढून हळहळणाऱ्या सर्वांना एक विचारायचे आहे: ती करमणूक होती कोणाची? खेळणारे पुरुष, राणी होणाराही पुरुष, चौकात ऐसपैस बसणारेही पुरुष. बायका ओट्याच्या कोपऱ्यातून किंवा कुडाच्या आडून पाहत, आणि पोर रडले की तेही सोडून घरात जात. मंडईचा दिवस म्हणजे आमच्यासाठी पाहुण्यांचा स्वयंपाक. चुलीपुढून उठायला रात्र होते. तिकिटाच्या मंडपात मात्र बायकांची बसण्याची जागा वेगळी आखलेली असते, उजेड असतो, आणि पैसे गुंतलेले असल्यामुळे मंडळाचे कार्यकर्ते टारगटांना वेळीच बाहेर काढतात. गेली कित्येक वर्षे शेजारपाजारच्या आम्ही सगळ्याजणी मिळून जातो आणि पहाटे मिळून परततो. हा मोकळेपणा आम्हाला चौकातल्या फुकटच्या खेळाने दिला नव्हता. रंगमंचावर आता बाईची भूमिका बाई करते आणि त्याचे रोख मानधन घरी नेते, हेही धंद्याच्याच खात्यावर लिहावे.

हंगाम्याला माझा विरोध आहे, पण निव्वळ संस्कृतीच्या नावाने नव्हे. तो सुरू झाला की बायका पोरे उचलून घरी जातात. म्हणजे तिकीट काढलेला निम्मा मंडप मंडळ स्वतःच्या हाताने उठवून लावते आणि वर धंद्यासाठी हे करावे लागते असे सांगते. हा कसला धंदा?

बांधीवरून

ताईंचे म्हणणे मला निरुत्तर करणारे आहे, आणि अनामतीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. तरीही मूळ तक्रार मी मागे घेत नाही. तान्ह्या पोळ्याचे बघा. पोरे लाकडी बैल घेऊन घरोघर जात, बोजारा म्हणून चार आणे किंवा खाऊ मिळे, आणि कोणाच्याही बैलाला कोणी नंबर देत नसे. आता मंडपात रांग लागते, परीक्षक बसतात, भाड्याने आणलेला कमरेएवढा बैल पहिला येतो, आणि बापाने घरी फळीतून कोरून दिलेला बैल घेऊन आलेले पोर उत्तेजनार्थ वही घेऊन परतते. इथे कोणती कला जगवायची होती, कोणता गोठा राखायचा होता? बोजाऱ्याला तर कधीच कोणाचे कर्ज झाले नव्हते. जिथे पैशाची मुळीच गरज नव्हती तिथेही तो शिरला, ही माझी तक्रार आहे, आणि नाटकाच्या तिकिटाचे उदाहरण देऊन तिला उत्तर मिळत नाही.

पडद्यामागे

तान्ह्या पोळ्याबद्दल मी आपल्या बाजूने आहे. तिथे परीक्षक बसवणे हा निव्वळ पुढाऱ्यांचा सोस आहे. हंगाम्याबद्दल एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. कंपनी आणि मंडळ यांच्यात लेखी करार होतो. त्यात ‘नाटकाखेरीज दुसरा कार्यक्रम नको, गाणी एवढीच’ अशी अट मंडळाने घातली तर निदान आमची कंपनी ती आनंदाने मान्य करील, कारण नाचाचा संच वेगळा न्यावा लागतो आणि त्याचा खर्च आम्हालाच सोसावा लागतो. अशी अट घालणारे मंडळ मी पाहिलेले आहे. अशी मंडळे फार नाहीत इतकेच.

मामा तलाव

एकट्या गावाने अट घातली तर शेजारचे गाव त्याच रात्री हंगामा लावून गर्दी ओढून नेईल. पाच-सात गावांच्या मंडळांनी दसऱ्याआधी एकत्र बसून तारखाही वाटून घ्याव्यात आणि अटही एकच ठेवावी, तरच ती टिकेल.

रोवणीवाली

बैठक जरूर घ्यावी. फक्त करारावर सह्या करणाऱ्या या मंडळांत बायका किती आहेत, ते प्रत्येकाने आपापल्या गावापुरते इथे लिहावे. आमच्या मंडळात एकही नाही, आणि यंदाच्या बैठकीला आम्ही बोलावण्याची वाट न पाहता जाणार आहोत.