मदत हवी आहे: देवबागला तंबू टाकायचाय, वाळूत खुंट्या राहत नाहीत (शनिवारी निघायचंय, लवकर सांगा)

विन्या_शहापूर (बुधवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. शनिवारी सकाळी घरच्यांना घेऊन देवबागला निघायलोय, रविवारी संध्याकाळी परत. तंबू नवा आहे. मागच्या महिन्यात गोव्याला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर सहज लावून बघितला, तर दहा मिनिटांत चारही खुंट्या उपटून आल्या. तंबू पुढे पळतोय, मागे मी आणि मेहुणा. लोक मोबाईल काढून शूटिंग करायलेत. तोच तंबू घरामागच्या परड्यात लावला होता तेव्हा बैल जुंपला असता तरी हलला नसता. खुंट्या त्याच, हातोडा तोच. वाळूत नेमकं काय करायचं, एवढंच सांगा. रूट, हॉटेल, फोटोचे स्पॉट नकोत, ते सगळं माहीत आहे.

घाटवेडा (बुधवार, रात्री ९:५२)

चोर्ला घाटाने जाऊ नका, ट्रकांच्या मागे रांगत बसाल. आंबोली उतरा, सावंतवाडी, कुडाळ, मालवण. आंबोलीत गरम भजी खाऊन पुढे निघा. पहाटे पाचला बेळगाव सोडलंत तर दहाच्या आत तारकर्ली.

विन्या_शहापूर (बुधवार, रात्री ९:५५)

रूट नको म्हटलं की राव.

खानापूरची_सून (बुधवार, रात्री १०:१०)

किती माणसं? मुलं किती वर्षांची? तंबू कितीचा? किनाऱ्यावर उघड्यावर टाकणार की कुणाच्या वाडीत? यातलं काहीच लिहिलेलं नाही. खुंट्यांचं नंतर बघू, आधी रात्री दोन वाजता सहा वर्षांच्या पोराला शू लागली तर कुठे नेणार ते सांगा. आम्ही दोन वर्षांपूर्वी याच हौसेने गेलो होतो. पहाटे मी मुलीला घेऊन गाडीत जाऊन बसले आणि नवरा तंबूत एकटा घोरत पडला.

निपाणीकर_काका (बुधवार, रात्री १०:२५)

बाजारात मिळतात त्या खुंट्या खेळण्यातल्या असतात. बारा एमएमचा गज घ्या, दीड-दीड फुटाचे तुकडे करा, वरचं टोक लोहाराकडून वाकवून घ्या. १९८६ साली एनसीसीच्या कॅम्पला आम्ही असेच ठोकायचो, वादळात तंबू हलला नाही. हल्लीच्या मुलांना सगळं हलकं पाहिजे, मग उडतंयच.

खानापूरची_सून (बुधवार, रात्री १०:३१)

काका, तो कॅम्प मातीवर होता की वाळूवर?

निपाणीकर_काका (बुधवार, रात्री १०:४०)

घटप्रभेच्या काठाला होता. तिथेही वाळूच असते.

तिलकवाडी_ट्रेकर (बुधवार, रात्री ११:०५)

नदीकाठची गाळमिश्रित वाळू वेगळी, समुद्राची कोरडी वाळू वेगळी. कोरड्या वाळूला पकडच नसते. गज दीड फूट घाला नाहीतर दोन फूट, तो लोण्यातल्या सुरीसारखा वर येणार. शिवाय अंधारात पोराच्या पायात गज लागला तर तिथून टाक्यांसाठी कुठे नेणार?

विन्याभाऊ, खुंट्या घरी ठेवा. घरात जुने उशीचे अभ्रे असतील तर आठ घ्या. प्रत्येकात तीन-चार तांबे वाळू भरा, तोंड तंबूच्या दोरीने करकचून बांधा, दीड फूट खड्डा करून आडवा पुरा, वर वाळू ओढून पायाने दाबा. दोरी खड्ड्यातून तिरकी बाहेर आली पाहिजे, उभी नको. ओढ लागली की अभ्रा वर यायला बघत नाही, वाळूतच रुतत जातो. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, फाटतात आणि कचरा तिथेच राहतो. परत येताना वाळू ओतून टाका, अभ्रे घरी आणून धुवा.

दुसरं असं, की दोर फक्त समुद्राच्या बाजूला ताणून झोपू नका. संध्याकाळी खारा वारा समुद्राकडून येतो म्हणून सगळे तेवढीच बाजू घट्ट करतात. रात्री जमीन गार झाली की मतलई वारा उलट दिशेने सुटतो, आणि पहाटे मागचा कोपरा फडफडायला लागतो. आठही दोर सारखे बांधा. प्रत्येकाला पांढऱ्या कापडाची चिंधी बांधा, नाहीतर रात्री पहिला तुम्हीच अडखळून पडाल.

विन्या_शहापूर (गुरुवार, सकाळी ७:२०)

ट्रेकरभाऊ, हेच पाहिजे होतं. अभ्रे मागितले तर बायको म्हणायलीय, जुने कुठले, सगळे चांगलेच आहेत. बघतो.

सूनताई, सहा माणसं. मी, बायको, मुलगा ११, मुलगी ६, मेहुणा आणि आई. तंबू चार माणसांचा. होईल की ॲडजस्ट.

तिलकवाडी_ट्रेकर (गुरुवार, सकाळी ७:४४)

नाही होणार. चार माणसांचा म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर. दोन मोठी आणि दोन मुलं आरामात झोपतील. मेहुण्याला गाडीत झोपवा. आईंचं वय काय?

वडगाव_वाले (गुरुवार, सकाळी ८:१५)

डास फार असतात. तंबूत कोळशाची छोटी शेगडी ठेवून वर धूप टाका. ऊबही मिळते.

खानापूरची_सून (गुरुवार, सकाळी ८:१९)

वडगाववाले, हा सल्ला कृपा करून मागे घ्या. बंद तंबूत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. गॅसचा छोटा सिलिंडरही आत पेटवायचा नाही, चहाला सुद्धा नाही. डासांसाठी जाळी लावा, अंगाला मलम चोळा.

वडगाव_वाले (गुरुवार, सकाळी ८:३०)

आमच्या गावाकडे सगळे ठेवतात, कुणाला काही झालेलं नाही.

खानापूरची_सून (गुरुवार, सकाळी ८:३३)

गावाकडच्या घराला कौलं असतात, फटींतून वारा येतो. तंबूला कौलं असतात का?

झणझणीत (गुरुवार, सकाळी १०:०२)

एवढं कशाला? पाळोळ्याला थांबा, किनाऱ्यावर तीन दगड मांडा, बांगडा भाजा, थंडगार काहीतरी उघडा. गोवा आहे.

तिलकवाडी_ट्रेकर (गुरुवार, सकाळी १०:२०)

गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक आणि दारू, दोन्हींना बंदी आहे. २०१९ साली एकट्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजारांपर्यंत दंड ठेवला होता.

झणझणीत (गुरुवार, सकाळी १०:२२)

मग बाटली घेऊन या, बेळगावात उघडू. किती आणलेली चालतात हो?

धागापाल (गुरुवार, सकाळी १०:४५)

त्यासाठी वेगळा धागा आहे.

मालवणचो_झील (गुरुवार, दुपारी १:१०)

खयच्या देवबागात जातलास रे बाबा? आमच्या मालवणच्या देवबागात जातलास तर घाटवेड्यान सांगलेलो रस्तो बरोबर आसा. एका बाजूक दर्या, दुसऱ्या बाजूक कर्लीची खाडी, मधी चिंचोळी पट्टी. पण तिकडे आता घराक घर लागलेला आसा, किनाऱ्यार तंबू मारूक जागा खय आसा?

विन्या_शहापूर (गुरुवार, दुपारी १:२५)

कारवारचं देवबाग हो! काळी नदीच्या पलीकडचं, सदाशिवगडच्या अंगाला. बेळगावचा माणूस देवबाग म्हटल्यावर कारवारच म्हणणार की.

घाटवेडा (गुरुवार, दुपारी १:३१)

बेळगावचा माणूस देवबाग म्हटल्यावर मालवणच म्हणतो. मी तीस वर्षं बेळगावात आहे.

सीमाभाग_एक (गुरुवार, दुपारी १:४०)

बेळगावी म्हणा आता, २०१४ सालच्या १ नोव्हेंबरपासून कागदावर तेच आहे. कारवार-मालवणचं बोलायचं तर दोन्हीकडे आपलीच माणसं.

निपाणीकर_काका (गुरुवार, दुपारी १:४८)

कागदावर काय वाट्टेल ते लिहा, आम्ही बेळगावच म्हणणार.

धागापाल (गुरुवार, दुपारी २:०५)

पुढच्या सात प्रतिक्रिया उडवल्या आहेत. तंबूवर बोला.

इतिहासप्रेमी (गुरुवार, दुपारी ३:३०)

कारवारला जाताच आहात तर टागोर बीच बघाच. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते, रवींद्रनाथ तरुणपणी त्यांच्याकडे येऊन राहिले होते. किनाऱ्यावर आयएनएस चपळ ही निवृत्त युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे, मुलांना आत चढून बघता येतं. जवळच नौदलाचा कदंब तळ आहे, तेव्हा ड्रोन वगैरे उडवायच्या भानगडीत पडू नका. मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग. त्याची पायाभरणी १६६४ सालची.

विन्या_शहापूर (गुरुवार, दुपारी ३:४१)

ड्रोन नाही. मालवणलाही जाणार नाही. धन्यवाद.

अनगोळचा_अण्णा (गुरुवार, संध्या. ६:००)

पूल पडलाय ना कारवारचा? कसे जाणार?

घाटवेडा (गुरुवार, संध्या. ६:१२)

तो जुना, ऑगस्ट २०२४ मध्ये काळी नदीत कोसळला. वाहतूक नव्यावरून चालू आहे. आणि यांना पुलाचा प्रश्नच नाही. चोर्ल्यावरून फोंडा, मडगाव, काणकोण, पोळे करत आले की देवबाग नदीच्या अलीकडेच लागतं. (मालवणचं नसलं तरी रस्ता मला माहीत आहे.)

विन्या_शहापूर (गुरुवार, रात्री ९:१५)

आता नवीनच भानगड. रविवारी अमावस्या आहे. आई म्हणायलीय, चतुर्दशीला घर सोडून अमावस्येला घाट चढायचा नाही, तुम्ही जावा, मी येत नाही. आईचं वय ७१, गुडघे दुखतात. तिला कसं समजवायचं ते सांगा कुणीतरी.

वडगाव_वाले (गुरुवार, रात्री ९:२२)

मोठ्या माणसांचं ऐकावं.

झणझणीत (गुरुवार, रात्री ९:२४)

कुठल्या शतकात आहात? चंद्र दिसत नाही एवढंच. तारे छान दिसतील.

मालवणचो_झील (गुरुवार, रात्री ९:५०)

तुझी आवस बरोबर सांगता. कारण येगळा आसा, पण बरोबर सांगता.

आता सगळ्यांना कळावं म्हणून तुमच्या मराठीत लिहितो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं. भरतीची वेळ आमच्याकडे शेंबडं पोर पण काढतं: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं. शनिवारी चतुर्दशी. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. म्हणजे रात्री साडेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि सव्वासहा तास आधी, सव्वाचार-साडेचारला पूर्ण ओहोटी. पाव-अर्धा तास इकडे-तिकडे धरा. तुम्ही पोहोचणार किती वाजता?

विन्या_शहापूर (गुरुवार, रात्री ९:५५)

वाटेत जेवण धरून चार-साडेचार.

मालवणचो_झील (गुरुवार, रात्री १०:०८)

बघा म्हणजे. तुम्ही उतरणार तेव्हा किनारा फुटबॉलच्या मैदानासारखा लांब-रुंद दिसणार. वाळू ओली, सपाट, कडक. तिथे तुमच्या खुंट्या सुद्धा बसतील. तुम्ही खूश होऊन तिथेच तंबू टाकणार, नऊला पोरांना झोपवणार, आणि साडेदहाला पाणी गादीखाली. शिवाय हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, पावसाळ्यात उलट.

किनाऱ्यावर काटक्या, शिंपले, सुरूची बोंडं, फेसाचा वाळका कचरा यांची एक ओळ दिसते. दोन ओळी असतील तर वरची धरा. तिच्याही वर, जिथे वेली उगवल्यात तिथे कोरड्या वाळूत तंबू. म्हणजे शेवटी अभ्रे लागणारच. माडाखाली टाकू नका, नारळ डोक्यात पडला तर घरी सांगायला राहणार नाही. सुरूखाली चालेल.

खानापूरची_सून (गुरुवार, रात्री १०:३०)

आणि ७१ वर्षांची, गुडघे दुखणारी बाई वाळूत जमिनीवर झोपून सकाळी उठणार कशी, हे विन्याभाऊंनी बुधवारपासून कुणाला सांगितलंच नाही! सदाशिवगडच्या बाजूला घरगुती राहण्याची सोय बघा. कमोड असलेली एक खोली आईंसाठी घ्या आणि त्यांच्याच आवारात तंबू लावू देता का विचारा. बाथरूमचा, पाण्याचा, परवानगीचा, सगळा प्रश्न एका फोनमध्ये सुटतो. किनाऱ्यावर मनाला येईल तिथे तंबू टाकला तर रात्री कुणीतरी टॉर्च मारून उठवतं. ते बरोबरच आहे म्हणा, हा कासवांच्या विणीचा हंगाम आहे. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते. पोरांना टॉर्च खेळायला देऊ नका.

निपाणीकर_काका (गुरुवार, रात्री १०:४४)

आवारात माती असेल तर गज चालतील.

विन्या_शहापूर (शुक्रवार, दुपारी १२:१०)

एक ठिकाण मिळालं. खोली एक, मागे सुरूचं बन, पुढे वाळू. तंबू लावू देतो म्हणाले. आईला सांगितलं कमोड आहे, तर म्हणाली अमावस्या दुपारनंतर बघू. उद्या सकाळी निघायलोय.

विन्या_शहापूर (सोमवार, रात्री ८:५०)

आलो परत. थोडक्यात सांगतो, अंग दुखायलंय.

अभ्रे आठ नेले, सात आले. एकही दोर सुटला नाही. पहाटे वारा खरंच फिरला, मी जागा होतो म्हणून कळलं. मेहुणा गाडीत, आई खोलीत. सकाळी सगळ्यांत ताजीतवानी तीच. दवाने तंबू आतून ओला झाला, वरचं कापड आतल्याला टेकलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

झीलदादा, पोहोचल्यावर मुलाने पाण्याच्या कडेपासून वीस पावलं मोजून वाळूत एक काठी खोचली होती. साडेदहाला त्याला उठवून नेलं, आईपण आली. काठी दिसेना. पाणी तिच्याही बरंच वर, काटक्यांच्या ओळीला येऊन टेकलेलं. पोरगं काही बोलेना, नुसतं माझं बोट धरून उभं. आई म्हणाली, बघितलास?

निपाणीकर_काका (सोमवार, रात्री ९:०५)

गज नेले होते का?

वडगाव_वाले (सोमवार, रात्री ९:३०)

तंबू विकायचा झाला तर कळवा. मालवणच्या देवबागला जायचा विचार आहे.