दारूच्या दुकानात गिऱ्हाइकाने मान मागू नये का?

गोदाकाठचा
काल इथे एकाने लिहिलं, "वाईन शॉपमध्ये कसली सर्व्हिस मागता? बाटली घ्या, चालू पडा." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाहुणे येणार होते, म्हणून नाशिकला गंगापूर रोडच्या एका दुकानात शेनिन ब्लां ही पांढरी वाईन घ्यायला गेलो. पोराने बाटली काढली ती पश्चिमेकडच्या काचेच्या कपाटातून. एप्रिलचं ऊन थेट अंगावर, लेबल पिवळं पडलेलं, झाकणाखालून चिकट ओघळ सुकलेला. गार आहे का विचारलं, तर "फ्रीज बियरसाठी आहे." आणि बियरवर छापील किमतीपेक्षा १० रुपये जादा, "कूलिंगचे". बिल मागितलं तर पोरगा मालकाकडे बघून हसला. घरी उघडली तर रंग चहासारखा, वास नासक्या सफरचंदाचा.

'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन आहे म्हणून आपण मिरवतो. वायनरी तिथून अर्ध्या तासावर आणि इथे वाईन उकडून विकतात!

खडूस_काका
मालकाने कपाट हलवायचं कशासाठी? वाईन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून बंद आहेत. समोर दुसरं दुकान उघडणारच नाही. दुकान कितीही कळकट ठेवा, गल्ला भरतोच.

काउंटरवरचा
मी अशाच दुकानात उभा राहिलोय. सातपूरच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की एका वेळी वीस हात जाळीतून आत. एकाला क्वार्टर, एकाला सुट्टे, एकजण शिव्या देतोय. त्यात तुमची शेनिन ब्लां! महिन्यात चार बाटल्या खपतात. आणि साहेब, मद्यपानाचा परवाना होता का खिशात? एक दिवसाचा ५ रुपयांना मिळतो, आजीवन १००० ला. कायद्याची एवढी चाड असेल तर तिथून सुरुवात करा.

गोदाकाठचा
आजीवन आहे. फोटो टाकू?

काउंटरवरचा
टाका. फ्रेम करून लावू दुकानात. पहिलंच गिऱ्हाईक असाल.

दिंडोरीचा_बागायतदार
महिन्यात चारच खपतात, कारण तुम्ही ती ठेवता तशी! वाईनचं द्राक्ष बाजार समितीत विकता येत नाही, ते वायनरीलाच घालावं लागतं. तिने उचल कमी केली की आम्ही बसलो. माझ्या मामाने बाग तोडून टोमॅटो लावला. २०२२ च्या जानेवारीत सरकारने १००० चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय घेतला होता. सगळ्यांना एकदम संस्कृती आठवली आणि निर्णय कागदावर राहिला. तो झाला असता तर एसीतली बाटली मिळाली असती.

मीना_पाथर्डी_फाटा
बरं झालं राहिला. माझं शिवणक्लासचं दुकान वाईन शॉपला लागून आहे. संध्याकाळी सहानंतर पायरीवर प्लास्टिकचे ग्लास आणि चकलीची पाकिटं, दारात आडव्या गाड्या. मुली मागच्या बोळातून येतात. तेच आता डाळ-तांदळाच्या शेजारी हवं? आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दुकान बंद करायच्या मतदानासाठी, सह्या गोळा करताना कोण कोण तोंड चुकवतं, ते बघितलंय मी.

दिंडोरीचा_बागायतदार
ताई, पायरीवर बसणारे वाईन पितात का? क्वार्टरवाल्यांचा राग आमच्यावर कशाला?

मीना_पाथर्डी_फाटा
माझ्या दिराने सुरुवात बियरनेच केली होती. पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही.

दिंडोरीचा_बागायतदार
मग द्राक्षंच उपटा म्हणा ना जिल्ह्यातली! भाषण करायला काय जातं? कर्ज आम्ही फेडायचं.

खडूस_काका
दोघंही जरा पाणी प्या. साधं.

गोदाकाठचा
अहो, धागा कूलिंगच्या १० रुपयांचा होता! मीनाताई, पायरीचं म्हणणं मान्य. पण तो मालक तुम्हाला जुमानत नाही तसाच मलाही जुमानत नाही. पायरी झाडत नाही तो कपाट कशाला हलवेल?

मीना_पाथर्डी_फाटा
तुमची वाईन खराब झाली आणि माझे क्लास बंद पडायला आलेत, हे एकाच मापात मोजू नका. मालकाबद्दल म्हणालात ते मात्र खरं.

काउंटरवरचा
छापील किमतीच्या वर घेणं चूकच, मी कधी बरोबर म्हणालो? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. नाहीतर वैधमापनशास्त्रवाल्यांकडे, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याकडे जा. फक्त जाताना बिल घेऊन जा.

गोदाकाठचा
हसलास ना आत्ता, अगदी त्या पोरासारखा?