१९६६ मस्टँग, २८९ इंजिन: टायमिंग पुस्तकाप्रमाणे लावलं, तरी गाडीत जीव नाही

केटरिंगकर

नमस्कार मंडळी. मी ओहायोत, डेटनला लागून केटरिंग नावाचं गाव आहे तिथे राहतो. ज्या चार्ल्स केटरिंगवरून हे नाव पडलं, त्याचीच डेल्को कंपनी. १९१२च्या कॅडिलॅकला बॅटरीवरचं इग्निशन आणि सेल्फ-स्टार्टर दिला तो यांनीच. सांगलीला आमच्या पद्मिनीचा मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याला, 'डेल्को' म्हणायचा. तो शब्द माझ्या आताच्या घरापासून दहा मिनिटांवरचा निघेल असं वाटलं नव्हतं. असो, आता रडगाणं.

गाडी १९६६ची फोर्ड मस्टँग, २८९ घनइंची व्ही-८, टू-बॅरल कार्ब्युरेटर, गियर हाताने टाकायचे. मागच्या दिवाळीत घेतली, हिवाळाभर झाकून ठेवली. एप्रिलमध्ये पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा, केटरिंगच्या जुन्या पद्धतीचा स्विच), कंडेन्सर, कॅप, रोटर, प्लग, वायरी सगळं नवं घातलं. पॉइंटचा गॅप ०.०१७ इंच, ड्वेल (पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते) २९ अंश, प्लगचा गॅप ०.०३४. व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात गोल्फची टी खुपसली, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, दाखवणारा लाइट लावला आणि टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर पोचतो त्या क्षणाच्या) आधी ६ अंश, बरोब्बर रेघेवर आणून आवळलं.

आणि गाडी म्हणजे जेवण करून बसलेला बैल. चढावर पिकअप शून्य, दोन सिग्नल लागले की तापमानाचा काटा वर. थर्मोस्टॅट नवा, पाणी भरलेलं.

शनिवारी वैतागून लाइट बाजूला ठेवला, डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवला आणि कानाला बरं वाटलं तिथे आवळला. पळाली हो! घरी येऊन लाइट मारला तर २० अंश. ८७ ऑक्टेनचं साधं पेट्रोल, तरी नॉकिंग (इंजिनाची ठकठक) नावाला नाही. आता पुस्तक खरं की कान? असंच चालवलं तर पिस्टनची वाट लागेल का?

एडिसनचा_बंड्या

पॉइंट काढून फेक रे. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं, डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसतं, बाहेरून कुणाला कळतही नाही. मी बसवल्यापासून फीलर गेज कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, बघितलीस? मी एकदा फोर्डच्याच ३५१ इंजिनाचं चित्र बघून वायरी लावल्या होत्या, १-३-७-२-६-५-४-८. तुझ्या इंजिनाची १-५-४-२-६-३-७-८. कार्ब्युरेटरमधून असे फटाके फुटले की शेजारीण फोन घेऊन बाहेर आली.

केटरिंगकर

ऑर्डर दोनदा तपासली, रोटर घड्याळाच्या उलटा फिरतो तेही धरून. आणि मॉड्यूल घालून मी याच गावात राहायचं? जमणार नाही.

डिअरबॉर्नचे_काका

अरे बाळा, पॉइंटचा काही दोष नाही, आणि बंड्याचं मॉड्यूल घातलंस तरी दुखणं तसंच राहील. ड्वेल आधी आणि टायमिंग नंतर, असंच केलंस ना? ड्वेल एक अंशाने वाढला की टायमिंग अंदाजे एक अंश मागे जातं. तुझा २९ ठीक आहे, २६ ते ३१ चालतो. ७ आणि ८च्या वायरी एकमेकींना चिकटवून नेऊ नकोस. दोन्ही सिलिंडर शेजारी आणि पेटतातही एकामागोमाग, त्यामुळे एकीची ठिणगी दुसरीत शिरते. पण त्याने मिसिंग येईल, गाडी अशी सुस्त आणि गरम होणार नाही. ही लक्षणं टायमिंग मागे असल्याची आहेत.

माझा संशय वेगळाच आहे. क्रँकच्या पुढच्या टोकाला थरथर शोषणारा जो डँपर असतो तो एकसंध नसतो. आत लोखंडी डिश, भोवती रबर, त्यावर बाहेरची रिंग. टायमिंगच्या खुणा असतात त्या बाहेरच्या रिंगेवर. साठ वर्षांचं रबर सुटलं की रिंग सरकते, आणि तू मात्र तिच्यावरच्या रेघेला देव मानून बसतोस.

बॅटरी सोड. सगळे प्लग काढ, म्हणजे इंजिन हाताने फिरेल. एक नंबरच्या भोकात, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा, पिस्टन स्टॉप घाल, म्हणजे पिस्टनला वर जाताना अडवणारा, प्लगच्या जागी बसणारा बोल्ट. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून सावकाश फिरव, पिस्टन टेकला की इंजिनावरच्या टायमिंगच्या काट्यासमोर डँपरवर पेन्सिलने रेघ मार. मग उलटा फिरव, पुन्हा टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. छापील शून्य तिथे आहे का, ते कळव. धक्के देऊन फिरवू नकोस, पिस्टनचं डोकं ॲल्युमिनियमचं आहे.

आणि लाइटच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो. थांबलेला नसतो. माझ्या बाह्या तेव्हापासून कायम दुमडलेल्या.

केटरिंगकर

काका, साष्टांग नमस्कार!

आज सकाळी केलं. बायकोने टॉर्च धरला, मी रेघा मारल्या. मध्य काढला तर खऱ्या टीडीसीला काटा दाखवतो १२ अंश आधी. म्हणजे माझे पुस्तकी ६ हे प्रत्यक्षात टीडीसीच्या नंतर ६! आणि कानाने लावलेले २० म्हणजे खरे ८. डँपर बाजूने बघितला तर रबर एका ठिकाणी फुगून बाहेर आलंय, नखाने तुकडे पडतात.

पांढऱ्या रंगाचा ठिपका खऱ्या शून्यावर दिलाय आणि त्यावरून तूर्त ६ अंश लावले. बाजारहाट करून आलो, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. आता ठिपक्यावरच काम भागवू की डँपर बदलू?

डिअरबॉर्नचे_काका

बदल. जी रिंग १२ अंश सरकली ती आणखीही सरकेल, आणि पूर्ण निसटली तर रेडिएटर घेऊन जाईल. तोवर लांब जाऊ नकोस.

दुकानात नीट सांग. २८९ला २८ औंसवाला (तोल साधायला डँपरवर जे जास्तीचं वजन असतं त्याचं माप) लागतो. ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटरला ५० औंसवाला आहे. तो बसेल, पण इंजिन थरथर कापेल. तुझ्या पुलीला तीन बोल्ट असतील, नंतरच्या डँपरांना चार भोकं आहेत, तेही मोजून जा. ओढून काढायला पुलर लागेल, हातोडा नको. नवा बसला की पुन्हा पिस्टन स्टॉप घालून शून्य तपास, नव्या मालावरही माझा विश्वास नाही.

एडिसनचा_बंड्या

काका, माझ्याही डँपरकडे बघून आलो. रबर आहे असं वाटत नाहीये. पिस्टन स्टॉप किती रुंदीच्या चुडीचा घ्यायचा?

डिअरबॉर्नचे_काका

जुना प्लग दुकानात घेऊन जा आणि त्याच्याच चुडीचा माग. मॉड्यूल मागू नकोस.