मदत हवी आहे: पलटणीतून पेन्शनीत निघालेल्या महार शिपायाला गावी वतनाची कामं करावी लागत का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर 'सैन्य आणि समाज' यावर मला बोलायचंय. लढाया बाजूला ठेवून मुंबई इलाख्याच्या पलटणींतली महार भरती घेतली आहे. १८१८ च्या कोरेगाववर ढिगाने सापडतं (त्यावरची भांडणंही, ती कृपया इथे नकोत).

माझ्या मते बंदुकीपेक्षा पलटणीतल्या शाळेने जास्त उलथापालथ केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, असं खुद्द बाबासाहेबांनी लिहिलंय. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेतच हेडमास्तर होते. गावात ज्याच्या हाती पाटी लागली नसती, तो तिथे अर्ज लिहायला शिकला.

पण समाजानेही फौजेला आपल्या वळणावर आणलंच. 'लढवय्या जातीं'चं खूळ साहेबांच्या डोक्यात शिरलं, वरच्या जातींचे शिपाई महार सुभेदाराचा हुकूम मानायचे नाहीत ही सबब होतीच. १८९० नंतर लवकरच भरती बंद! त्याविरुद्ध १८९४ साली अर्ज लिहिला गोपाळबाबा वलंगकरांनी, म्हणजे पलटणीच्याच पेन्शनराने. पुढे महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर मोडली.

आता अडलंय ते इथे. दापोली कॅम्पात पेन्शनरांची वस्ती होती. मूळ गावी न जाता ही मंडळी तिथे का राहिली? सुभेदार होऊन आलेल्या माणसालाही गावी वतनाची, म्हणजे वंशपरंपरेने आलेली कामं, जसं येसकरकी (वेशीची राखण), सरकारी टपाल पोचवणं, मेलेलं ढोर ओढणं चुकत नसे का? की त्याची पाळी भाऊबंद उचलत? आणि पाळी दुसऱ्याने केली तर बलुत्यातला (कामाबद्दल गावाकडून मिळणाऱ्या धान्यातला) वाटा कुणाचा? मला तर हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, पण लढायांच्या पुस्तकांत याचं उत्तर मिळत नाही.

यावर मराठीत आठवणी, आत्मचरित्रं कुणी वाचली आहेत का? खेड, मंडणगड, महाडकडच्या कुणाच्या घरी पणजोबांचे पेन्शनचे कागद असतील, तर मूळ गाव कुठलं आणि पेन्शन कुठे घेत, एवढंच कळवा. नावं नकोत. मुंबईच्या पुराभिलेखागारातही जाणार आहे. तिथे आधी लष्करी खात्याचं दप्तर मागू की महसूलचं? वतनाच्या तक्रारी महसुलात असाव्यात असा माझा कयास आहे. तिथे बसून काम केलेल्यांनी जरूर सांगावं, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.