नोकरी सोडून पूर्णवेळ गाणं शिकवावं का?

फोंड्याची पेटीवाली:
नमस्कार मंडळी. माझी गांधर्व मंडळाची संगीत विशारद परीक्षा 2019 ला झाली, सध्या कुंडईला एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि रविवारी घरी सात मुलं शिकायला येतात. आता वाटतंय हेच पूर्णवेळ करावं. घरचे म्हणतात गाणं शिकून पोरांचं काय होणार, दहावीला मार्क लागतात. मला आतून माहीत आहे का शिकवायचं ते, पण बाबांसमोर बसले की शब्दच सापडत नाहीत. शिकवणाऱ्यांनी सांगा ना.

वास्कोकर तबलजी:
ताई, 22 वर्षं शिकवतोय. एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा, भयंकर घाई. त्रिताल हातावर धरायला लावला की नवव्या मात्रेला खाली असते, म्हणजे टाळी न देता हात बाजूला न्यायचा, तिथे पण टाळी मारायचा, आणि सोळा मात्रा संपायच्या आधीच समेवर, म्हणजे परत पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचा. तीन आठवडे तेच. मग एक दिवस नवव्या मात्रेला हात बाजूला गेला, तोंडाने 'धा तिन तिन ता' चालूच, आणि बरोबर समेवर आला. आता चवथीला वाड्यावर घुमट (आपलं गोव्याचं मातीचं तालवाद्य) वाजवतो, आरती म्हणणाऱ्या म्हाताऱ्या काकांचा दम कमी पडला की आपणहून लय धरून थांबतो त्यांच्यासाठी. दुसऱ्याचं ऐकायची ही सवय त्याला तालानेच लागली, हे बाबांना सांगा.

डिचोलीची टीचर:
वरचं शंभर टक्के पटलं, तरी नोकरी लगेच सोडू नको गं. मे महिन्यात मुलं आजोळी, दहावीचं वर्ष आलं की पालक पहिला क्लास बंद करतात तो गाण्याचाच. काहींना तर दोन महिन्यांत गॅदरिंगला गाणं बसवून हवं असतं, त्यांना अलंकार-पलटे, म्हणजे स्वरांचा रियाज, का लागतात ते समजावण्यातच माझा निम्मा वेळ जातो. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, मग उडी मार. आणि शाळेतल्या संगीत शिक्षकाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव, पात्रता नीट वाचून अर्ज कर.

केरीकर:
मी गाणारा नाही, ऐकणारा आहे. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर, त्यांची भैरवी 1977 ला व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, त्याचा अभिमान आहेच. पण मला गायिका मोगूबाई कुर्डीकर जास्त आठवतात. त्यांचं कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं, त्यांचं गाणं मात्र किशोरीताई आमोणकरांपर्यंत पोचलं कारण आईने लेकीला बसवून शिकवलं. तसंच पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मास्तर पोरांना नोटेशन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवायचे, त्यातलेच पुढे मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसले. त्या मास्तरांची नावं आज कोण घेतं? पण ते गावात बसून शिकवत राहिले म्हणूनच हे घडलं ना.

फोंड्याची पेटीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. डिचोलीच्या ताई, तुमचं ऐकते, मार्चपर्यंत नोकरी ठेवते आणि शनिवारची एक बॅच वाढवते. बाबांना काय सांगायचं ते पण सापडलं. गेल्या रविवारी क्लास चालू असताना बाहेर पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला, तर माझी सर्वात लहान मुलगी, सात वर्षांची, उठून पेटीपाशी गेली, दोन-तीन पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाली, टीचर, पोदेर काळी चारमध्ये वाजवतो. मी परत दाबून बघितलं. काळी चारच होती.