मदत हवी आहे: जुन्या ट्रकचा विमा, दोन कोटेशन आणि १२ हजारांचा फरक

छोटाहत्तीवाला:
राम राम मंडळी. दहा वर्षं छोटा हत्ती पळवला. तीन महिन्यांपूर्वी तो विकला आणि आता सहा टायरी ट्रक घेतलाय. २०१९ चं मॉडेल, आरसीवर एकूण वजन १८,५०० किलो, बँकेचं ९ लाखांचं कर्ज. पिंपळगावहून वाशीला कांदा न्यायचा, कांदा नसेल तेव्हा सातपूरहून चाकणला कंपनीचा माल, असा बेत आहे.

आरटीओत गाडी माझ्या नावावर होऊन ९ दिवस झाले. विमा मात्र जुन्या मालकाच्याच नावावर आहे आणि महिनाअखेरीस संपतो. नव्यासाठी दोन एजंटांकडून कोटेशन घेतली.

पहिलं: आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ८ लाख, ओडी (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हप्ता) ५,०००, थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर, त्याचा हप्ता) ३५,३१३. जीएसटी धरून ४३ हजार.
दुसरं: आयडीव्ही साडेअकरा लाख, ओडी १५,०००, थर्ड पार्टी तेवढीच, ड्रायव्हर-क्लीनरचे म्हणून १०० रुपये, आणि ओडीच्या खाली ‘आयएमटी २३’ असं काहीतरी. एकूण ५५ हजार.

पहिला म्हणतो, “फुल विमा आहे शेठ, सगळं कव्हर.” दुसऱ्याला बोलायलाच वेळ नाही. १२ हजार म्हणजे टायरच्या खर्चाला चांगलाच हातभार, म्हणून मन पहिल्याकडे जातंय. आणखी एक, सातपूरचा ट्रान्सपोर्टवाला विचारत होता, मालाचा विमा आहे का? मी म्हटलं, ट्रकचा आहे म्हणजे आतल्या मालाचा असणारच की. तो नुसता हसला. का हसला ते कुणी सांगेल का?

घाटवाट:
भाऊ, थर्ड पार्टीचा आकडा दोन्हीकडे सारखा आहे हा योगायोग नाही. तो दर सरकार ठरवतं. जून २०२२ च्या दरपत्रकात १२ ते २० टनांच्या मालवाहू गाडीला ३५,३१३ आहे. त्यात कुणी सूट देतो म्हणाला तर चहा पिऊन उठायचं. खरा खेळ ओडीत असतो. पहिल्याच्या कागदावर ‘एनसीबी’, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडीत मिळणारी सूट, लिहिलंय का ते बघून सांग.

छोटाहत्तीवाला:
हो, ३५ टक्के. गाडीचा तीन वर्षं क्लेम नाही म्हणे.

घाटवाट:
तीच गोम. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाने तीन वर्षं क्लेम केला नाही म्हणून त्याला मिळाला, तो गाडीबरोबर तुला मिळत नाही. आज ओडी स्वस्त दिसेल. उद्या क्लेम टाकलास की कंपनी मागच्या पॉलिसीची चौकशी करते आणि खोटी माहिती दिली म्हणून हात वर करते. तेव्हा एजंट “तुम्हीच सही केली ना शेठ” म्हणणार.

आयडीव्हीही बघ. कर्ज ९ लाख आणि आयडीव्ही ८ लाख. उद्याच गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे बँकेत जाऊनही लाखभर तुझ्याच बोकांडी.

आता आयएमटी २३. माझी पहिली गाडी कसारा घाटात पुढच्या कंटेनरवर जाऊन आदळली. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, वर्कशॉपच्या एस्टिमेटवर लाल पेनाने एकेक ओळ खोडत गेला: बंपर, हेडलाइट, मडगार्ड, बॉनेट, रंग. मी विचारलं, हे काय? म्हणाला, तेवीस नंबर घेतलेला नाही. व्यापारी गाडीला हे भाग साध्या पॉलिसीत नसतातच, गाडी पूर्ण गेली तरच त्यांचा हिशोब. ओडीच्या १५ टक्के जास्त भरले की मिळतात. ट्रकचं पहिलं काय फुटतं? हेच. उरलेल्या पत्र्यालाही वयाप्रमाणे घसारा लागतो, पाच वर्षांपुढे ४० टक्के. क्रेनवाल्याने घाटातून गाडी काढायचे २२ हजार घेतले, पॉलिसीतून मिळाले २,५००. त्या रात्री पोलीस चौकीच्या बाकावर बसून मी पॉलिसी पहिल्यांदा वाचली.

बिल्टीबहाद्दर:
ट्रान्सपोर्टवाला का हसला ते मी सांगतो, मीही एकेकाळी तुझंच उत्तर दिलं होतं. ट्रकच्या पॉलिसीत आतल्या मालाचा एक रुपया नसतो. कंपनी स्वतःच्या मालाचा ट्रान्झिट विमा काढते, तिला तिचे पैसे मिळतात. पण कंपनीला पैसे देऊन झाले की विमावाले ते वसूल करायला ट्रान्सपोर्टवाल्याकडे येतात आणि तो तुझं भाडं अडवतो. माझी ताडपत्री पावसात फाटली, पुठ्ठ्याची खोकी भिजली, ६२ हजार तीन महिन्यांत भाड्यातून कापले गेले.

२००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात वाहतूकदाराची चूक सिद्ध करावी लागत नाही, माल बिघडला एवढं पुरतं. बिल्टीवर, म्हणजे माल भरल्याच्या पावतीवर, मालाची जादा किंमत लिहून घेतली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. म्हणून बिल्टी कुणाच्या नावाची आहे आणि तिच्यावर किंमत काय लिहिलीय ते गाडी भरायच्या आधी बघत जा. दुसऱ्याच्या मालाची ही जबाबदारी अंगावर आली तर तुझ्यासाठी जी पॉलिसी असते तिला कॅरिअर्स लीगल लायबिलिटी म्हणतात. कंपनीचा माल नियमित धरणार असशील तर घे. नुसत्या कांद्याला मी तरी घेतली नसती.

विमावाली_नाशिक:
दादा, नव्या पॉलिसीचं नंतर, आधी आजचं बघा. नाव बदलल्यावर थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, ओडी येत नाही. म्हणजे ९ दिवस तुमची गाडी स्वतःच्या नुकसानीपुरती उघडीच आहे. १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे बदलाचा अर्ज द्यायचा असतो. उद्याच आरसी आणि जुनी पॉलिसी घेऊन जा. एनसीबीचा फरक भरावा लागेल, तो भरा. पॉलिसीवर बँकेचं नावही चढवून घ्या.

लायसन्स हेवीचं आहे ना? हलक्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतच चालतं, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलंय. आणि ते १०० रुपये म्हणजे ड्रायव्हर आणि क्लीनर, माणशी ५०. कामावर त्यांना काही झालं तर भरपाई मालकाकडे येते, त्यामुळे तिथे काटकसर नको.

एक विचारते, छोट्या हत्तीला फुल विमा होता का? क्लेम केला होता?

छोटाहत्तीवाला:
हेवी २०२१ मध्येच काढलंय. टेम्पोला फुल विमा होता, शेवटची चार वर्षं एकही क्लेम नाही.

विमावाली_नाशिक:
मग दुसऱ्याचा बोनस कशाला घेताय? तुमचा स्वतःचा ४५ टक्के पडून आहे! टेम्पोच्या विमा कंपनीकडे विक्रीचा कागद दाखवून एनसीबीचं पत्र मागा. दोन्ही गाड्या मालवाहू आहेत, ते पत्र ट्रकला लावून घ्या.

छोटाहत्तीवाला:
चार दिवसांनी लिहितोय. जुन्या पॉलिसीवर नाव चढलं, फरक भरला. टेम्पोच्या कंपनीने पत्र द्यायला दोन फेऱ्या मारायला लावल्या, पण दिलं. ते घेऊन दुसऱ्या एजंटाकडे गेलो. ओडी १५,००० वरून ८,२५० झाली, एकूण ४७ हजारांच्या आसपास. आयडीव्ही साडेअकरा लाख, तेवीस नंबर, ड्रायव्हर-क्लीनर सगळं तसंच. पहिल्याला एनसीबीचं विचारलं तर म्हणाला, “सगळे असंच करतात.”

परवा पहिला कांदा भरतोय. शेतकरी म्हणतो, मालाबरोबर मीही वाशीला येतो. चालतं का?

घाटवाट:
मालाचा मालक केबिनमध्ये बसला तर चालतं, थर्ड पार्टीत त्याची सोय आहे. मागे गोण्यांवर त्याचे पाहुणे मात्र चढू देऊ नकोस.