भाडोत्री, कंत्राटी की गारदी?

विजापूर वेस: पेपरात वाग्नर या रशियन खासगी लष्करी कंपनीच्या लोकांना 'भाडोत्री सैनिक' लिहिलंय. आजीला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "भाडोत्री म्हणजे वरच्या खोलीतले? ते कशाला लढायला जातील बाबा?" आमच्या घरात भाडेकरूला भाडोत्रीच म्हणतात. खासगी लष्करी कंपनीचा माणूस आणि भाडोत्री सैनिक एकच का? परमुलखात जाऊन असं लढणं कायद्यात बसतं का?

काळा कोट: एकच नव्हे, इथंच सगळी गोची आहे. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारातल्या कलम ४७ मध्ये भाडोत्री सैनिकाच्या सहा अटी आहेत आणि सहाच्या सहा एकदम लागू व्हाव्या लागतात. मुद्दाम लढायला भरती झालेला, प्रत्यक्ष लढणारा, त्या फौजेतल्या शिपायापेक्षा बऱ्याच जास्त पैशासाठी आलेला, लढणाऱ्या देशांपैकी कुणाचा नागरिक वा रहिवासी नसलेला... एक अट निसटली की माणूस सुटला. युक्रेनमध्ये लढलेला वाग्नरचा रशियन शिपाई नागरिकत्वावरच सुटतो! आफ्रिकेतल्या मालीत मात्र ही नागरिकत्वाची पळवाट मिळत नाही. आणि व्याख्येत बसला, तरी या कलमाने तो गुन्हेगार ठरत नाही. फक्त सैनिक म्हणून लढण्याचा आणि युद्धकैदी म्हणून वागवलं जाण्याचा हक्क जातो. गुन्हा ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८९ चा, पण भारत त्यात नाही. २००८ चा माँत्रो दस्तऐवज कंपन्यांबद्दल बोलतो, पण तो बंधनकारक नाही. गंमत रशियाची. तिथल्या दंडसंहितेत भाडोत्रीपणा गुन्हा, खासगी लष्करी कंपनीला कायद्यात जागाच नाही, तरी वाग्नर वर्षानुवर्षं लढत राहिली.

जुनी बखर: आपल्याकडे 'गारदी' होताच की. मूळ फ्रेंच 'गार्द'. पानिपतावर इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंकडून लढला, तोवर शब्दाला मान होता. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि शब्द कायमचा बाटला. बातमीत गारदी लिहिलं तर वाचकाला आधी शनिवारवाडाच दिसणार.

विजापूर वेस: मग आमचा सोलापूरचा भुईकोट घ्या. १८१८ च्या मे महिन्यात आत पेशव्यांच्या बाजूने पगारी अरब, बाहेर ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी मन्रो. बाहेरची तर अख्खी कंपनीच खासगी!

काळा कोट: म्हणून बातमीत मी तरी 'कंत्राटी लढवय्ये' लिहीन. 'भाडोत्री' हा शब्द वापरला, की तुमच्याही नकळत निकाल लागून जातो.

विजापूर वेस: आजीला 'कंत्राटी' सांगितलं. तिने विचारलं, "महापालिकेसारखे? मग पगार वेळेवर मिळतो का त्यांना?"